किसनच्या फळ्यावरची परवा

परवा म्हणजे कधी, किसन?

हा प्रश्न मी तुला आयुष्यभर विचारला. मळ्यात विचारला, बाजारात विचारला, तुझ्या ओसरीवर चहा पिता पिता विचारला, भांडण झालं तेव्हा ओरडून विचारला. तू दर वेळी हसायचास आणि बोटांना लागलेला खडू धोतराला पुसायचास. "परवा म्हंजे परवा बे मास्तर. त्यात इचारन्यासारखं काय हाये?" आता तुझ्याच भिंतीसमोर बाज टाकून, मांडीवर वही घेऊन बसलो आहे आणि पुन्हा तेच विचारतो आहे. तू जाऊन आठवडासुद्धा झाला नाही. आतून सरूवहिनींच्या माहेरच्या बायकांचा आवाज येतो आहे, आणि बोळीतून जाणारं प्रत्येक माणूस आधी भिंतीकडे पाहतं, मग माझ्याकडे पाहतं आणि पुढे जातं.

भिंत म्हणजे तुझा फळा. जळगाव जामोदच्या आपल्या माळीपुऱ्यात विहिरीकडे बोळ वळते, तिथे कोपऱ्यावर तुझं घर. त्या घराची बोळीकडची भिंत तू कोळशाची पूड आणि बाभळीचा डिंक कालवून काळी केलीस, आणि पुऱ्यात पुढे काय काय होणार ते तिच्यावर लिहायला लागलास. तू 'फळा' म्हणत नव्हतास, 'फया' म्हणायचास. मी दिवसभर शाळेत पोरांच्या तोंडून 'ळ' घोटून घ्यायचो, आणि संध्याकाळी तुझ्याकडे आलो की तू मुद्दाम चारचौघांत म्हणायचास, "पाह्य मास्तर, कसा कायाभोर झाला माहा फया!" लोक हसायचे. मी चिडायचो. मी चिडावं म्हणूनच तू म्हणायचास हे मला कळत होतं, तरी चिडायचो.

मराठी चौथीपर्यंत आपण एका बाकावर होतो. मग तू बापाबरोबर मळ्यात गेलास आणि मी मास्तरकीला लागलो. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. मोठं, गोल, लुसलुशीत वांग्यासारखं. सकाळी भाजीची टोपली घेऊन घरोघर फिरायचास, संध्याकाळी गुजरीच्या बाजारात बसायचास, आणि कोणाच्या घरी काय शिजतंय हे तुला त्या घरातल्या धाकट्या सुनेच्या आधी कळायचं. कोणी नेहमीपेक्षा जास्त कोथिंबीर मागितली की तू डोळे बारीक करायचास. वांगी पोत्याने सांगितली की पंगत ठरलेली. घरी आल्यावर हात धुऊन खडू घ्यायचास. 'उद्या नथ्थूच्या बैलाच्या खुरायले पत्री मारनार हायेत, ज्याले मारायच्या त्यानं आपला बैल आनावा.' 'परवा विहिरीचा गाय काढाचा हाये, दोर आनजा.' 'उद्या भुलाबाईचे गाने शेवंताच्या घरी, पोरीयनं लवकर यावं.' 'परवा देवी टोचनारा येते, रडू नये.'

विहिरीचा 'गाय' काढायचा हे वाचून तर मी कपाळावर हात मारला होता. म्हटलं, "अरे, गाळ! बाहेरचा कोणी वाचेल तर विहिरीत गाय पडली समजून धावत येईल." तू म्हणालास, "येऊ दे ना. तेवढाच गाय काढाले एक मानूस वाढते."

पुऱ्यात वाचता येणारे थोडे. पण एकाने वाचलं की बोळभर व्हायचं. सकाळी पाण्याला जाताना बायका फळ्याशी थांबायच्या आणि ज्याला अक्षर ओळखता येतं अशा कोणालाही धरायच्या. शाळेत न जाणाऱ्यांनाही 'उद्या' आणि 'परवा' हे दोन शब्द नुसत्या आकारावरून ओळखू यायला लागले होते. माझ्या शाळेने इतक्या वर्षांत त्यांना तेवढंही शिकवलं नव्हतं.

आणि भांडण तिथेच होतं. मी म्हणायचो, मिती लिही. तिथी लिही, वार लिही. हा फळा उद्या वाचणाऱ्याला 'उद्या' म्हणजे कोणता? आणि 'परवा' तर आपल्या भाषेतला सगळ्यात लबाड शब्द. होऊन गेलेली तीही परवा, यायची आहे तीही परवा. एक दिवस आपल्यासोबत रहेमानभाई बसले होते, ते बाजारोबाजार बांगड्या विकणारे. त्यांनी बांगड्यांची चळत मांडीवर ठेवून डोकं हलवलं. "मास्तर, तुमची तं परवाच डबल हाये. आमच्या बोलीत कल बी डबल अन् परसों बी डबल. तरी आमच्यात शाद्या होते, ईद होते, सगळं टायमावर होते." तू मांडीवर थाप मारलीस. म्हणालास, "आयक! रहेमानभाईच्या बोलीत तं उद्याचा बी पत्ता नाई, तरी त्यायच्या बांगड्या इकून राह्यल्या."

ते कीर्तन तू विसरला नसशील. तू भाजी घेऊन नांदुऱ्याला गेलास आणि सासुरवाडीला राहून गेलास. फळ्यावर लिहून गेला होतास, 'परवा महादेवाच्या देवळात कीर्तन, सतरंज्या आपापल्या आनाव्या.' पुसायला तू नव्हतास. पुऱ्याने पहिल्या दिवशी वाचलं, परवा. दुसऱ्या दिवशी वाचलं, परवा. बुवा आले, देवळात उभे राहिले, आणि समोर पुजारी आणि नंदी. बिचाऱ्यांनी नंदीला सगळं आख्यान ऐकवलं आणि गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळा पुरा सतरंज्या काखेत मारून देवळात हजर. तू परत आलास तेव्हा लोक तुला फाडून खायला निघाले होते. आणि तू काय म्हणालास? "फया खोटं नाई बोलला. तुमीच शियं वाचलं."

शिळं. भाजीवाल्याचा शब्द. मी म्हटलं, बघ, आता तरी मिती लिही. तू त्या दिवशी पहिल्यांदा नीट बोललास, म्हणजे न हसता. म्हणालास, "मास्तर, मिती लिवली का मानूस वाचते अन् चालला जाते. परवा लिवलं का थांबते. दार वाजवते. म्हनते, किसनभाऊ, परवा म्हंजे कवा? मी सांगतो. मंग ते बसते. पानी पिते. आपल्या घरचं सांगते. तुह्या मितीनं माह्या दाराले कोन येईन बे?"

मी म्हटलं, आळशी माणसाला सबबी फार सुचतात. मला खरंच तसं वाटलं होतं. तू पुन्हा हसायला लागलास आणि भांडण तिथेच राहिलं. मग ते वर्षानुवर्षं राहिलं, आपलं घरचं जनावर असल्यासारखं, रोज थोडा चारा घालायचा.

फळ्याचा तुझा आणखी एक नेम होता, आणि तो मला तेव्हा तऱ्हेवाईक वाटायचा. येणारं लिहायचं, जाणारं नाही. बारसं लिहायचास, तेरवी नाही. सून येणार ते लिहायचास, लेक सासरी निघाली ते नाही. पुऱ्यात कोणी वारलं तर त्या दिवशी तू फळा कोराही ठेवत नव्हतास. काही तरी येणारं शोधून काढायचास, अगदी काही नसलं तर 'उद्या ताजी मेथी'.

माझी बायको यमुना गेली त्या वर्षी मी घराचं दार लावून बसायला लागलो होतो. शाळेत जायचो, यायचो, कडी लावायचो. कोणी आलेलं नको होतं. एक दिवस शाळेतून येतो तर ओसरीवर पुऱ्यातल्या बायका पोळपाट मांडून बसलेल्या. माझ्याच ओसरीवर. पापड लाटत होत्या, आणि सरूवहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, पाय आवरून घ्या, पीठ हाये." मी तसाच फळ्याकडे गेलो. तुझ्या गोल अक्षरात लिहिलेलं, 'आज मास्तरच्या ओसरीवर पापड.' त्यानंतर रोज काही ना काही. 'उद्या मास्तरच्या घरी भजन.' 'परवा मास्तरच्या घरी भुलाबाई.' घरात एकही मूल नसलेल्या माणसाच्या घरी भुलाबाई! पुऱ्यातल्या पोरी आल्या, फेर धरला, खाऊ झाकून माझ्यापुढे ठेवला आणि ओळखा म्हणाल्या. मी ओळखला नाही. त्या इतक्या हसल्या की मीही हसलो, आणि त्या घरात पुष्कळ दिवसांनी हसल्याचा आवाज झाला.

मी तुझ्यावर भयंकर रागावलो होतो. माझ्या घरात काय होणार ते मला न विचारता लिहिणारा तू कोण, असं तोंडावर म्हणालो. तू ऐकून घेतलंस. दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं, 'उद्या मास्तरचा राग जानार.' नाही, चुकलो. तुझा नेम होता, जाणारं लिहायचं नाही. तू लिहिलं होतंस, 'परवा मास्तर हासनार.'

किसन, त्या वर्षी तू मला जगवलंस. हे मी तुला कधीही म्हटलं नाही. मला वाटायचं ते बोलण्यात काय आहे, त्याला माहीतच आहे, आणि नसलं तर सांगू कधी तरी. तुझ्यासमोर बसलो की आपलं मितीचं भांडण निघायचं आणि बाकी सगळं मागे राहायचं. आज तुझ्या भिंतीला सांगतो आहे. भिंतीला काय त्याचं.

माझी बदली धामणगाव बढ्याला झाली तेव्हा मला वाटलं होतं, निदान त्या दिवशी तरी फळ्यावर माझं नाव असेल. बैल जुंपून दमणी बोळीतून निघाली, मी वाकून पाहिलं, तर फळ्यावर गुऱ्हाळाबद्दल काही तरी. मनाला लागलं. तू दमणीबरोबर वेशीपर्यंत चालत आलास, मी एक शब्द बोललो नाही. शेवटी तूच म्हणालास, "काऊन फुगला बे? फयावर येनारं लिवतो मी, जानारं नाई. तू येशीन तवा लिवतो." मी तरीही बोललो नाही. असा मी. मोठ्या माणसाचं रुसणं लहान पोराच्या रुसण्यापेक्षा वाईट, कारण त्याला कोणी खाऊ देत नाही.

मग भेटी सुट्ट्यांपुरत्या राहिल्या. मध्ये पूर्णा नदी, मध्ये आगगाडी, मध्ये माझी शाळा. निरोप मात्र चालू होते. पत्र लिहायचा तुला कंटाळा, म्हणून बाजाराला इकडून तिकडे जाणाऱ्या कोणाच्याही तोंडी तू निरोप द्यायचास, आणि ते निरोपही फळ्यासारखेच असायचे. मास्तरले सांगजा, मिरची चांगली आली. मास्तरले सांगजा, म्हशीले पारडू झालं. मास्तरले सांगजा, अजून मिती लिवली नाई.

परवाचा निरोप रहेमानभाईंनी आणला. हे मी 'परवा' लिहिलं आणि थांबलो. कुठली परवा? आज लिहितो आहे त्या दिवसापासून मागे मोजायची नव्हे. बघ, तुझा शब्द माझ्या हाताखालीही सरळ चालत नाही. तर, धामणगावचा बाजार होता. रहेमानभाई शाळेच्या दाराशी आले, घाम पुसला आणि म्हणाले, "मास्तर, किसनभाऊनं सांगतलं हाये, परवा जरूर येजा. फयाचं काही काम हाये, तुमच्याबिगर होत नाई म्हने. लय खुशीत होता." त्यांना पुढे जायचं होतं. सोबतचे गाडीवाले हाका मारत होते. मी म्हटलं, बरं, येतो परवा.

मी विचारलं नाही, किसन. जन्मभर सगळ्या पुऱ्यादेखत, वेळी अवेळी, तुझं डोकं उठेपर्यंत जे विचारत आलो, ते त्या एका दिवशी विचारलं नाही. रहेमानभाई तुझ्याकडून कधी निघाले, वाटेत नांदुऱ्याचा बाजार केला का, मलकापूरला किती थांबले, ही परवा कोणत्या दिवसापासून मोजायची, काही म्हणजे काही विचारलं नाही. मला वाटलं, आजपासून. ऐकणाऱ्याला नेहमी वाटतं, आजपासून.

शाळेची व्यवस्था लावली. नव्या खडूंची पेटी घेतली, तिच्यात रंगीत खडूही होते. तुझी थट्टा करायची म्हणून एक पंचांग घेतलं, म्हटलं, हे भिंतीला खिळ्याने टांगतो. पहाटे दमणीने मलकापूर, तिथून आगगाडीने नांदुरा, मग सर्व्हिस मोटार. वाटेत मोटार बिघडली तर सगळे उतरून शिव्या देत होते, मी एकटा झाडाखाली बसून तुला काय काय बोलायचं ते जुळवत होतो. पूर्णेवरून जाताना मनात भांडण पुरं करून टाकलं होतं, आणि ते मी जिंकलो होतो.

बोळीत शिरलो आणि फळा दिसला. नवाकोरा, किसन. पावसाने जुन्याचे पोपडे निघाले होते, ते तू खरवडून, नवं सारवून, नवी काजळी देऊन इतका तकतकीत केला होतास की माझी टोपी त्यात दिसेल असं वाटलं. वर डाव्या कोपऱ्यात तू लिहिलं होतंस 'मिती', आणि तिच्यापुढे एक रेघ मारून जागा सोडली होतीस. कोरी. तिच्याखाली सगळा फळा रिकामा, आणि मधोमध एकच ओळ.

'परवा मास्तर येते.'

मी हसलो. खरं सांगतो, रस्त्यात एकटा उभा राहून मोठ्याने हसलो. म्हटलं, लेका, हरलास शेवटी. विहिरीकडून येणाऱ्या दोघी बायका मला पाहून थबकल्या आणि त्यांनी डोक्यावरची घागर तशीच ठेवून तोंड फिरवलं. तरीही मला काही कळलं नाही. मी तुला हाक मारली. "किसन! भाईर ये बे! आलो मी!" तुझ्या बोलीत हाक मारली, मुद्दाम.

वहिनी बाहेर आल्या. मी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं.

त्या उंबऱ्यावर बसल्या. रडल्या नाहीत, रडून झालं होतं. माझ्या हातातल्या खडूच्या पेटीकडे पाहत म्हणाल्या, "भाऊजी, तुमची परवा परवाच झाली हो."

तुझ्या त्या लबाड शब्दाने इतकं नेमकं आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं.

मग त्यांनी बसून सगळं सांगितलं. निरोप पाठवल्यापासून तू मळ्यात लक्ष देत नव्हतास. फळ्यापुढून हलत नव्हतास. परवा, म्हणजे तुझी परवा, तू धुतलेलं धोतर नेसलास, सकाळपासून ओट्यावर बसलास, खडू मांडीवर. कोणी म्हटलं, माह्या घरच्या बारशाचं लिवा, तर म्हणालास, "आज नाई. आज मितीची पयली ओय मास्तर लिवनार." दुपारची मोटार आली, मी नाही. संध्याकाळची आली, मी नाही. लोक चिडवायला लागले. वहिनी म्हणाल्या, आता उठा, जेवा. तेव्हा तू हसलास म्हणे. म्हणालास, "मास्तर मितीचा पक्का मानूस. त्याले परवा समजलीच नसंन. उद्या येईन, नाई तं परवा येईन. राहू दे ते तसंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेथीच्या वाफ्यात पाणी धरायला गेलास आणि छातीत कळ आली. वाफ्याच्या कडेलाच बसलास. शेजारचा माळी धावत आला तोवर पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात आपोआप चाललं होतं.

मी विचारलं, वहिनी, ही मिती कशाला लिहिली त्यानं? त्या म्हणाल्या, "मी बी इचारलं. म्हटलं, इतक्या वर्साचं भांडन, आता काऊन लिवून राह्यले? तं म्हने, मास्तर तिकडं एकटा राह्यते. त्याच्या दाराले कोन येते परवा इचाराले? त्याले एक डाव जिकू दे. पन त्याले सांगजो नको मी हारलो म्हनून. त्याले दिसंनच."

दिसलं रे. सगळं दिसलं.

मी तुझ्यावर रागावलो आहे, हे आधी सांगतो, मागाहून म्हणू नकोस. एक वार लिहून पाठवला असतास तर काय बिघडलं असतं? निरोप देताना नुसतं 'धामणगावच्या बाजाराच्या दिवशी' म्हणाला असतास. मी तसाच उठून निघालो असतो, रात्री का होईना तिथे असतो. तू मांडीवर खडू घेऊन बसला होतास तेव्हा तुझ्या शेजारी बसलो असतो. पहिली ओळ लिहिली असती, तू माझ्या अक्षराला हसला असतास, वहिनींनी चहा दिला असता. कदाचित यमुनेच्या वर्षाचं ते बोललोही असतो. नसतो बोललो, खरं म्हणजे. भांडलो असतो. पण भांडलो तरी असतो ना. मी बरोबर होतो, किसन. पहिल्यापासून मीच बरोबर होतो. मिती लिहायलाच हवी होती. हे घे, सिद्ध झालं, सगळ्या पुऱ्यासमोर सिद्ध झालं. आता ह्या जिंकण्याचं मी काय करू ते सांग.

काल रहेमानभाई आले. कोणी तरी त्यांना वाटेत सांगितलं होतं. बोळीच्या तोंडाशीच बांगड्यांचं ओझं उतरवलं आणि माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, जे सांगतलं तेच सांगतलं मी. एक लफ्ज इकडचा तिकडे केला नाई. परवा म्हटला, परवाच आनली." त्यांनी इमानाने तुझी परवा जशीच्या तशी माझ्यापर्यंत पोचवली, फक्त वाटेत ती शिळी झाली. मी म्हटलं, तुमची काही चूक नाही, आपला शब्दच तसा आहे. ते भिंतीपुढे जाऊन उभे राहिले. वाचता येत नाही त्यांना. पण 'परवा' हा शब्द त्यांनी आकारावरून ओळखला, आणि तो दाखवून मान हलवली.

तुझी तेरवी फळ्यावर लिहावी का, असं पुऱ्यातल्या जाणत्या लोकांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. येणारं लिहायचं, जाणारं नाही. तो नेम मला आता तऱ्हेवाईक वाटत नाही. पण फळा कोरा कसा ठेवणार? तू कधी ठेवला नाहीस. आज सकाळी जिच्या घरचं बारसं तू थांबवून ठेवलं होतंस, ती शेवंता आली. दारातल्या माणसांकडे पाहून संकोचली. हळूच म्हणाली, "गुरुजी, दुःखाच्या घरी बोलू नाई, पन लेकराचं नाव ठेवाचं राह्यलं. किसनभाऊनं सांगतलं होतं, मास्तर आला का लिवतो."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "लिवा. त्यायनं लिवलंच असतं."

मी नवी पेटी उघडली. खडू घेऊन 'मिती'समोर उभा राहिलो. रेघेपुढची ती जागा तू माझ्यासाठी ठेवली होतीस, आणि आज कोणती तिथी, कोणता वार, मला पाठ होतं. हात वर नेला. पण तिथे पहिली मिती लिहायची तर ती तुझ्याविना असलेल्या दिवसाची लिहावी लागणार होती. हात खाली घेतला. ती जागा कोरीच राहू दे. तू हरलास हे माझ्याशिवाय आणि वहिनींशिवाय कोणाला कळायला नको.

तुझी ओळ मी पुसली नाही. तिच्याखाली, माझ्या शाळेच्या टोकदार अक्षरात लिहिलं, 'परवा शेवंताच्या घरी बारसं.' लिहून मागे सरलो आणि मलाच हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, तेही पुऱ्यादेखत.

थोड्या वेळाने एक म्हातारी काठी टेकत आली. भिंतीपुढे थांबली, डोळ्यांवर हात धरून पाहिलं, मग तुझ्या दाराकडे वळली. नेहमीच्या सवयीने. दारात तू नव्हतास, मी होतो. म्हणाली, "काऊन हो मास्तर, हे परवा म्हंजे कवा?"

मी सांगितलं. ती बसली. मी आतून पाणी आणून दिलं. तिने तिच्या घरचं सांगितलं, मग तुझं सांगितलं. तुझ्या मेथीच्या जुडीत नेहमी दोन काड्या जास्त असायच्या, हे सांगितलं. उन्हं भिंतीवरून उतरली तरी ती बसलीच होती. जाताना वरच्या ओळीकडे बोट करून म्हणाली, "अन् हे काय लिवलं हाये?"

मी वाचून दाखवलं. परवा मास्तर येते.

"मंग तुमी तं आले की. पुसा ना ते आता."

मी म्हटलं, नाही आजी, राहू द्या. अजून यायचं आहे.

तिला काय वाटलं कोण जाणे, तिने मान हलवली आणि काठी टेकत गेली. पण तुला कळलं असेल. तू वाट बघत ओट्यावर बसायचं सोडणाऱ्यांतला नाहीस, धुतलेलं धोतर नेसून, मांडीवर खडू घेऊन. बैस तसाच. तुझं भांडण घेऊन येतो, यमुनेच्या वर्षाचं राहिलेलंही घेऊन येतो, आणि ह्या खेपेला तेच आधी बोलतो.

येतो, किसन. परवा येतो. मिती विचारू नकोस.